योनेक्स बीजी ६५: रॅकेट बदलायच्या आधी गट बदलून बघा

आमच्या सकाळच्या बॅडमिंटनच्या बॅचमध्ये कुणाचा गेम अडकला की पहिला प्रश्न ठरलेला, "रॅकेट बदलू का?" मग महिन्याभरात तो माणूस बारा-पंधरा हजारांची चकचकीत रॅकेट घेऊन उगवतो, सगळे जण ती हातात घेऊन दोनदा हवेत फिरवतात, "हलकी आहे रे एकदम" म्हणतात, आणि आत गट (म्हणजे रॅकेटची जाळी ज्या दोरीने विणतात ती) कुठला टाकलाय विचारलं तर उत्तर येतं, "काय माहीत, दुकानदाराने फ्री टाकून दिला." अहो, शटल ज्याला लागतं तो गटच फुकटातला, कसातरी बांधलेला, आणि वरून स्मॅश बसत नाही म्हणून तक्रार. म्हणून हा रिव्ह्यू गटाचा आहे, योनेक्स बीजी ६५ चा. बाकी सामानाबद्दल पण बोलणार आहे, पण ते ओघाने येईल तसं.

बीजी ६५ हे काही नवीन प्रॉडक्ट नाही, वर्षानुवर्षं तेच पाकीट, तोच गट, आणि देशभरातल्या कुठल्याही बॅडमिंटनच्या दुकानात दुसरं काही नसलं तरी हा असतो. जाडी ०.७० मिमी, नायलॉनचा, आत बारीक तंतूंचा गाभा आणि वरून विणलेलं आवरण, पाकिटात दहा मीटर येतो म्हणजे एका रॅकेटला पुरेसा. मला मजुरी धरून साडेपाचशे-सहाशेच्या आसपास पडतं, गावाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे थोडं कमी-जास्त. ह्या पैशात खेळात एवढा फरक पाडणारी दुसरी कुठलीही वस्तू मला तरी माहीत नाही, शूज सोडले तर, आणि शूजवर येतोच आहे.

आधी खेळताना कसा वाटतो ते. मऊ आहे. शटल गटावर क्षणभर टेकून जातंय असं हाताला कळतं, त्यामुळे ड्रॉप (नेटच्या पलीकडे अलगद टाकलेले शॉट) आणि नेटवरचे शॉट ताब्यात राहतात, आणि डिफेन्समध्ये नुसती रॅकेट पुढे धरली तरी शटल बऱ्यापैकी उचललं जातं. आवाज मात्र भारी येत नाही. ज्यांना स्मॅश मारल्यावर हॉलच्या दुसऱ्या टोकाला माणसं वळून बघायला हवी असतात त्यांनी बीजी ६६ अल्टिमॅक्स घ्यावा, ०.६५ मिमीचा आहे, आवाज कडक, शटल सुटतं पण झटकन, आणि तुटतो पण झटकन. बीजी ८० ०.६८ चा आहे, कडक लागतो, मारणाऱ्यांना आवडतो, पण ज्याचं टायमिंग पक्कं नाही त्याच्या कोपराला पहिल्या आठवड्यातच कळतं. एक्सबोल्ट ६३ तर ०.६३ मिमी, अप्रतिम आहे, पण कडेला एक शॉट लागला की संपला, आणि आपल्या लेव्हलला कडेला एक शॉट न लागलेली मॅच दाखवा. एरोबाइट म्हणून एक प्रकार आहे त्यात उभा गट ०.६७ आणि आडवा ०.६१ असा वेगवेगळा येतो, नेटवर शटल काय फिरतं त्याने, पण महाग आहे आणि हौशी माणसाने त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत. बीजी ६५ टायटॅनियमबद्दल पण विचारतात लोक. जाडी तीच, थोडा जास्त करकरीत लागतो, थोडे पैसे जास्त. आवडला तर घ्या, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आता गट घेतला म्हणजे काम झालं असं नाही, खरा खेळ गटिंगवाल्याकडे आहे. मी ज्या काकांकडे जातो त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक इलेक्ट्रॉनिक मशीन, भिंतीवर गटाची रिळं आणि एक पंखा. रॅकेट हातात दिली की ते आधी गट कुठे तुटलाय ते बघतात. मधोमध तुटला असेल तर म्हणतात, "वापरून तुटलाय, चांगलंय." वरच्या कडेला तुटला असेल तर फक्त चष्म्यावरून बघतात, काही बोलत नाहीत. तेवढं पुरतं. मग उरलेला गट कटरने मधल्यापासून बाहेर, एक उभा एक आडवा असा कापत जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्यापैकी निम्मे लोक गट तुटल्यावर रॅकेट तशीच बॅगेत टाकून आठवडाभर फिरवतात. एक गट तुटला की बाकीच्यांची ओढ फ्रेमवर एका बाजूने बसते आणि फ्रेम वाकडी होऊ शकते, कधी तडकते पण. कोर्टवरच कात्री मागा, मधून बाहेर कापून टाका, मग घरी जा.

मग काका फ्रेमच्या भोकांमधले प्लॅस्टिकचे ग्रोमेट एकेक करून बोटाने चाचपतात, फुटलेला असेल तो बदलतात. फुटक्या ग्रोमेटमधून गट थेट कार्बनच्या धारेवर घासतो आणि मग "नवीन गट चार दिवसात तुटला, माल डुप्लिकेट होता" अशी बोंब होते. रॅकेट मशीनवर सहा ठिकाणी टेकवून आवळतात, आधी सगळे उभे ओढून घेतात, मग आडवे एक खालून एक वरून असे विणत जातात आणि प्रत्येक ओळ बोटांनी सरळ करतात. माझं टेन्शन, म्हणजे गटाची ओढ, उभ्याला २४ पाउंड आणि आडव्याला २५. आडव्याला एखाद-दोन पाउंड जास्त ठेवतात त्याचं कारण फ्रेमचा आकार, सगळं सारखं ओढलं तर डोक्याचा आकार बिघडायला लागतो. शेवटी गाठी मारून रॅकेट खाली उतरवली की काका गटावर तळहाताने एक टपली मारतात, आवाज ऐकतात आणि मगच पैसे सांगतात. अर्धा-पाऊण तास जातो. बसायला एकच स्टूल आहे.

इलेक्ट्रॉनिक मशीन आणि हाताने फिरवायची मशीन यात फरक काय असं विचाराल तर फरक आहे आणि बराच आहे. हाताच्या मशीनवर ठरलेला आकडा आला की ओढ तिथेच लॉक होते, आणि नायलॉन काय शांत बसत नाही, लॉक झाल्यावरही ताणला जातो, म्हणजे ओढ लगेच थोडी उतरते. इलेक्ट्रॉनिक मशीन ओढत राहते, क्लॅम्प (गट धरून ठेवणारा चिमटा) लावेपर्यंत. त्यामुळे एका दुकानातले २४ आणि दुसऱ्या दुकानातले २४ हे एकच नसतात. म्हणून माझा सल्ला असा की आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा एक माणूस पकडा आणि त्याच्याकडेच जात राहा, मग पुढच्या वेळी "मागच्यापेक्षा एक पाउंड वाढवा" एवढंच सांगायचं. आमच्यातल्या एकाने घाईत भलत्याच दुकानात गटिंग करून घेतलं, वीस मिनिटात रॅकेट हातात, गाठी चार ठिकाणी सैल, आणि मधल्या ओळी चालता चालता नजरेत याव्यात इतक्या वाकड्या. दुकानदार म्हणाला खेळता खेळता सेट होतील. झाल्या नाहीत.

टेन्शनबद्दल आता जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पोरांना वाटतं जास्त पाउंड म्हणजे जास्त पॉवर. उलटं आहे. गट थोडा सैल असला की शटल आत दबतं आणि गट त्याला परत फेकतो, म्हणजे कमी ताकदीतही लांब जातं. घट्ट केला की ते फेकणं कमी होतं, मिळतो तो कंट्रोल आणि टणक आवाज, आणि ज्या मधल्या भागात शॉट नीट बसतो तो भाग लहान होतो. टीव्हीवरचे लोक ३० पाउंडाच्या वर खेळतात कारण त्यांचा शॉट रोज त्याच चार बोटांच्या जागेत बसतो आणि वेग त्यांच्या मनगटात आणि दंडात असतो. आपण नुकतं खेळायला लागलो असू तर २० ते २२, आठवड्यातून तीन-चार दिवस नियमित खेळत असू तर २३ ते २५, आणि त्याच्या वर जायचं असेल तर आधी मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत क्लिअर (उंच, लांब मारलेला शॉट) आरामात जातोय का ते बघा. नसेल जात तर टेन्शन वाढवून तो अजून दोन फूट आधी पडेल एवढाच फायदा. आणि रॅकेटवर दांड्याच्या खाली, मुठीच्या वर बारीक अक्षरात कमाल टेन्शन छापलेलं असतं ते वाचा. २४ पर्यंतच्या फ्रेमवर २८ चा हट्ट धरून फ्रेम गेली तर कुठलाही दुकानदार भरून देत नाही.

बीजी ६५ चा एक मोठा दोष आहे तो सांगायलाच हवा. तुटत नाही. हा दोष कसा म्हणाल, तर तुटत नाही म्हणून लोक बदलत नाहीत. नायलॉनची ओढ पहिल्या दिवसापासून उतरायला लागते, महिन्या-दोन महिन्यात २४ चा गट कुठल्या कुठे आलेला असतो, पण दिसायला ठणठणीत, म्हणून वर्षभर तोच चालवायचा आणि "हल्ली ड्रॉप वर जातात" म्हणून कोचला पैसे द्यायचे. एक जुना ठोकताळा आहे की आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गट बदला, तो बरोबर आहे आणि मी तर म्हणेन ते कमीत कमी. उभा आणि आडवा गट जिथे एकमेकांवर घासतो तिथे नखाने चाचपून बघा, खाचा लागायला लागल्या की समजा दिवस भरले. आणि रॅकेट उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नाही, त्या उष्णतेने गट अजून लवकर ढिला पडतो.

बरं, आता रॅकेट. घ्यायचीच असेल तर घ्या, मी कोण अडवणारा. पण ३यू, ४यू, जी५ ही बाराखडी आधी समजून घ्या. यूच्या आधीचा आकडा वजनाचा, ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. जी म्हणजे मुठीची जाडी आणि योनेक्समध्ये आकडा वाढला की मूठ बारीक होते, जी५ ही जी४ पेक्षा बारीक. आपण वरून ओव्हरग्रिप गुंडाळणारच असतो त्यामुळे जी५ घेतलेली बरी, जाड करता येते, बारीक करता येत नाही. दुसरं बघायचं ते वजन डोक्याकडे आहे का मुठीकडे. योनेक्समध्ये अॅस्ट्रॉक्स म्हणजे डोकं जड, नॅनोफ्लेअर म्हणजे डोकं हलकं, आर्कसेबर मधलं. आणि दांडा कडक का लवचिक. सावकाश स्विंग असणाऱ्याने कडक दांडा घेतला तर दांडा वाकतच नाही आणि सगळा भार खांद्यावर येतो, हे चाळिशीपुढच्या मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावं, कारण सगळ्यात कडक रॅकेटी तेच विकत घेतात.

"स्मॅशसाठी डोकं जडच पाहिजे" हे वाक्य तर इतक्या वेळा ऐकलंय की बास. आपल्या डबल्सवाल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ ला जपानमध्ये योनेक्सच्या कारखान्यातल्या कोर्टवर ताशी ५६५ किमीचा स्मॅश मारला, गिनीजमध्ये नोंद आहे, तो नॅनोफ्लेअर १००० झेडने. म्हणजे हलक्या डोक्याच्या सीरिजमधल्या रॅकेटने. हलकं डोकं जोरात फिरवता येतं, जड डोकं लागल्यावर जास्त देतं, ज्याचा हात जसा त्याचा हिशोब तसा. डबल्समध्ये पुढे उभे राहून ड्राइव्ह आणि ब्लॉक करणारे असाल तर जड डोक्याची रॅकेट परत वर आणेपर्यंत समोरचा अजून एक मारून मोकळा होतो. मला विचाराल तर पहिली कार्बन रॅकेट ४यू, जी५, मधल्या बॅलन्सची, मध्यम दांड्याची, तीन-चार हजाराच्या आतली, मग ती ली-निंग असो, योनेक्स असो, व्हिक्टर असो, आणि उरलेल्या पैशात वर्षभराचं गटिंग. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला किताब जिंकला, परदेशात आंतरराष्ट्रीय किताब जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, तेव्हा फ्रेम लाकडाच्या होत्या आणि वाकू नयेत म्हणून खेळून झाल्यावर प्रेसमध्ये आवळून ठेवाव्या लागायच्या. आणि आपल्याला पाच ग्रॅम जास्त म्हणून मॅच हरल्याची कारणं सापडतात.

शटलचं थोडक्यात. नायलॉनमध्ये मॅव्हिस ३५० घेता तेव्हा टोपीवरच्या पट्टीचा रंग बघता का? हिरवी म्हणजे स्लो, २२ ते ३३ अंशांसाठी, निळी मधली, १२ ते २३ साठी, लाल फास्ट, थंड हवेची. गरम हवेत शटल जास्त पळतं म्हणून उन्हाळ्यात स्लो घ्यायचं असतं. दुकानात निळी असते म्हणून आपण बारा महिने निळी घेतो आणि मेमध्ये प्रत्येक क्लिअर बाहेर गेला की एकमेकांकडे बघतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे निळी ठीक आहे, बाकी वर्षभर हिरवीच. बरोबर वेगाचं आहे का ते बघायची पद्धत सोपी आहे, मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारायचं, समोरच्या मागच्या रेषेच्या साधारण दीड-दोन फूट ते सव्वातीन फूट अलीकडे पडलं की बरोबर. पिसांच्या शटलचे भाव गेल्या दोन वर्षात इतके चढलेत की आमच्या बॅचने आठवड्यात पाच दिवस नायलॉन आणि रविवारी पिसं असा तह केलाय. पिसांची डबी आदल्या रात्री उघडून वाफेवर धरा, जरा ओल लागली की पिसं पटकन तुटत नाहीत. भांड्यात उकळत ठेवू नका म्हणजे झालं (असं करणारा माणूस मला माहीत आहे).

शूज. इथे कंजुषी नको, गटाच्या पण आधी हे. रनिंगचे शूज सरळ पळायला बनवलेले असतात, टाच उंच आणि मऊ, बॅडमिंटनमध्ये निम्मं पळणं आडवं, आणि त्या उंच टाचेवरून पाय बाहेरच्या बाजूला कलला की घोटा गेला. गम सोलचे नॉन-मार्किंग (कोर्टवर डाग न पाडणारे) शूज घ्या, बोटांपुढे अंगठ्याएवढी नाही पण निदान अर्ध्या अंगठ्याची जागा ठेवा कारण लंजमध्ये, म्हणजे पुढे लांब पाय टाकताना, पाय पुढे सरकतो, मोजे जाड घ्या, आणि कोर्टवर जाऊनच घाला. घरून घालून स्कूटरवरून, चहाच्या टपरीवरून फिरवून आणले की तळाला धूळ बसते, पकड जाते, मग मॅटवर घसरून परत शूजलाच शिव्या.

ग्रिपबद्दल एकच. मुंबई-कोकणात किंवा पावसाळ्यात हात घामाने निसटत असेल तर टॉवेल ग्रिप लावून बघा, दिसायला गबाळी आहे पण घाम पिते. पुण्याच्या कोरड्या हवेत साधी ओव्हरग्रिप पुरते, फक्त काळी पडून गुळगुळीत होईपर्यंत ठेवू नका, शंभर-सव्वाशेची वस्तू आहे.

डुप्लिकेट मालाचं काय? बीजी ६५ एवढा खपतो म्हणजे त्याची नक्कल होणारच. सुटा गट घेऊ नका, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा किंवा रिळावरचा घेत असाल तर रीळ बघून घ्या. ऑनलाइन कुठे निम्म्या भावात दिसला तर तो काय आहे हे सांगायला माझी गरज नाही. रॅकेट घेताना अधिकृत वितरकाचा होलोग्राम आणि रॅकेटवर कोरलेला सिरीयल नंबर, दोन्ही बघा, बिल घ्या.

माझ्याकडून बीजी ६५ ला पाचपैकी चार. एक मार्क आवाजाचा कापलाय आणि तो मी कितीही वापरला तरी देणार नाही. काकांना साडेचार, कारण काम चोख आहे पण फोन उचलत नाहीत आणि "उद्या या" चा अर्थ परवा असा धरून चालायचं. या खेळाचे नियम १८७० च्या दशकात ज्या पुण्यात बांधले गेले तिथे आज कोर्टचा स्लॉट पहाटे साडेपाचलाच मिळतो, त्यामुळे गटिंगवालेही दुपारनंतरच उघडतात. शनिवारी जाऊ नका, रविवारच्या टूर्नामेंटवाली पोरं चार-चार रॅकेटी घेऊन बसलेली असतात. मंगळवार-बुधवारी गेलात तर स्टूल रिकामं मिळतं.